क्वेस्ट ३ आणि ३एस : घरात आणण्याआधी कॅमेरे मोजा

व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात खेळायचा हेडसेट घेताना चित्र स्वच्छ दिसतं का, नाकावर ओझं येतं का आणि कितीला पडतो, एवढं बघून बहुतेक जण तो घरी आणतात. मेटाचा, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीचा क्वेस्ट ३ किंवा ३एस घेणार असाल तर दुकानातच आणखी एक काम करा. तो हातात फिरवून बाहेरचे कॅमेरे मोजा. दोन्हींवर सहा-सहा आहेत. चार कॅमेरे कृष्णधवल, अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशातही बघणारे. ते तुमच्या डोक्याची आणि हातांची जागा शोधतात. उरलेले दोन रंगीत, हेडसेट घातल्यावरही खोली दिसावी म्हणून. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या क्वेस्ट ३ मध्ये याशिवाय मधोमध अंतर मोजणारा प्रक्षेपक आहे, जो भिंत किती लांब आहे ते मोजतो. वर्षभराने आलेल्या ३एसमध्ये तो नाही, त्याऐवजी अंधुक उजेडासाठी अवरक्त दिवे आहेत. डोळ्यांच्या हालचाली टिपणारा आतला कॅमेरा या दोन्हींत नाही. तो २०२२ च्या क्वेस्ट प्रोमध्ये होता.

यंत्र म्हणून दोन्ही चांगले आहेत. क्वेस्ट ३ चं चित्र उजवं आहे, ३एस निम्म्या घरांना पुरेसा आहे. इथे चित्राबद्दल फार लिहिणार नाही, कारण ते सगळीकडे वाचायला मिळतं. घरात सहा डोळे आले की घरातल्या माणसांचं काय होतं, आणि काय केल्यावर ते सुसह्य होतं, यावर मराठीत फारच कमी लिहिलं जातं. कोल्हापुरात तर हा प्रश्न जास्त टोचतो. आपल्याकडे दिवसभर दार लोटलेलंच असतं. शेजारच्या काकू थेट स्वयंपाकघरापर्यंत येतात, पेठांतल्या जुन्या घरांत सोप्यातूनच सगळ्यांची ये-जा असते. हेडसेट घालणाऱ्याने निदान अटी वाचल्याचं बटण तरी दाबलेलं असतं. धुणं वाळत घालायला आलेल्या आजींना किंवा कामाच्या मावशींना कुणी काही विचारलेलं नसतं.

आधी हे कॅमेरे नेमकं काय करतात ते बघू. कृष्णधवल कॅमेरे खोलीतले ठळक बिंदू शोधतात: खिडकीचा कोपरा, फोटोच्या चौकटीची कड, फरशीचा सांधा. डोकं हललं की हे बिंदू चित्रात सरकतात आणि त्यावरून हेडसेट स्वतःची जागा काढतो. या कामासाठी चित्र साठवून ठेवायची गरज नसते. बिंदू काढले की चित्राचा उपयोग संपला. मेटाचं म्हणणंही हेच आहे, की जागा शोधण्यासाठी घेतलेली चित्रं हेडसेटवरच वापरली जातात आणि सर्व्हरवर ठेवली जात नाहीत. यंत्राची रचना पाहता हे पटण्यासारखं आहे. त्यामुळे "कुणीतरी कॅलिफोर्नियात बसून आपलं घर बघतोय" ही भीती बाजूला ठेवायला हरकत नाही. काळजीच्या जागा वेगळ्या आहेत, आणि त्या बऱ्याचशा आपल्या हातात आहेत.

पहिली जागा म्हणजे खोलीचा नकाशा. क्वेस्ट ३ किंवा ३एस सुरू केल्यावर मिश्र वास्तवाच्या (खरी खोली आणि खेळ एकत्र दाखवणाऱ्या) खेळांसाठी तो खोली स्कॅन करायला सांगतो. तुम्ही चहूकडे बघत फिरता आणि भिंती, दारं, खिडक्या, टेबल, पलंग यांची जाळी तयार होते. एखादं अ‍ॅप 'स्पेशियल डेटा'ची परवानगी मागतं तेव्हा ते हीच जाळी मागत असतं. त्यात फोटो नसतो, पण खोली किती लांब-रुंद आहे, दार कुठे आहे, पलंग किती आहेत हे असतं. दोन बेडच्या फ्लॅटचा हॉल आणि बंगल्याचा हॉल यांतला फरक त्यावरून सहज कळतो. घर केवढं, म्हणजे खिसा केवढा, हे जाहिरातदाराला समजायला फोटो लागत नाही.

दुसरी जागा रंगीत कॅमेऱ्यांची, आणि इथे अलीकडे मोठा बदल झाला आहे. पूर्वी बाहेरच्या अ‍ॅपला कॅमेऱ्याचं मूळ चित्र मिळतच नव्हतं. खोलीचं दृश्य हेडसेट स्वतः मागे लावायचा आणि अ‍ॅपला ते बघता यायचं नाही. २०२५ मध्ये मेटाने क्वेस्ट ३ आणि ३एससाठी हे दार अ‍ॅप बनवणाऱ्यांना उघडून दिलं. आता तुम्ही परवानगी दिली तर अ‍ॅपला समोरच्या रंगीत कॅमेऱ्यांची चित्रं मिळू शकतात. त्याचे चांगले उपयोग आहेत. समोरची वस्तू ओळखणं, पाटीवरचा मजकूर वाचणं अशी कामं त्याशिवाय होत नाहीत. पण एकदा चित्र अ‍ॅपच्या हातात गेलं, की ते पुढे कुठे जातं हे त्या अ‍ॅपच्या कंपनीवर अवलंबून असतं. जुने परीक्षणलेख वाचून "क्वेस्टवर अ‍ॅपला कॅमेरा मिळत नाही" असं धरून चालू नका, ती माहिती शिळी झाली आहे. 'मी काय बघतोय ते सांग' असं विचारायच्या एआय सोयींचंही तसंच. समोरचं चित्र सर्व्हरला पाठवल्याशिवाय त्या उत्तर देत नाहीत.

तिसरी जागा सगळ्यात साधी, आणि घरगुती भांडणं तिच्यातूनच उभी राहतात: रेकॉर्डिंग आणि कास्टिंग. कंट्रोलरवरचं मेटा बटण धरून ट्रिगर दाबला की स्क्रीनशॉट, ट्रिगर दाबून धरला की व्हिडिओ. खोली दिसत असताना रेकॉर्ड केलं तर खोली आणि खोलीतली माणसंही त्यात येतात. कास्टिंगमध्ये हेच दृश्य फोनवर किंवा टीव्हीवर चालू दिसतं. मुलगा हॉलमध्ये खेळतोय, टीव्हीवर कास्टिंग लावलंय, पाहुणे बसलेत, आणि तो पाणी प्यायला हेडसेट न काढता आत जातो. पुढे काय दिसेल ते कुणीच ठरवलेलं नसतं. फोनवर आलेला ओटीपी, टेबलावरचं पासबुक, सातबाऱ्याची प्रत यांचंही तेच. हेडसेटच्या समोर दिवा आहे, कॅमेरे वापरात असल्याची खूण म्हणून. पण चित्र फक्त दाखवलं जातंय की साठवलं जातंय, हे घरातल्या माणसाला त्या दिव्याकडे बघून समजत नाही. त्या दिव्याच्या भरवशावर राहू नये.

चौथ्या जागेचा कॅमेऱ्याच्या भिंगाशी थेट संबंध वाटत नाही, पण ती कॅमेऱ्यांमुळेच तयार होते: तुमची हालचाल. डोकं आणि दोन हात प्रत्येक क्षणाला कुठे होते, याची नोंद. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये ५११ जणांवर प्रयोग केला. पाच मिनिटांहून कमी नोंदीवरून त्यांच्या प्रणालीने सुमारे ९५ टक्के वेळा माणूस बरोबर ओळखला. २०२३ मध्ये बर्कलीच्या गटाने बीट सेबर खेळणाऱ्या ५५ हजारांहून जास्त खेळाडूंच्या नोंदी घेतल्या. १०० सेकंदांच्या नोंदीवरून ९४ टक्क्यांहून जास्त, आणि फक्त १० सेकंदांवरून ७३ टक्के वेळा माणूस सापडला. उंची, हाताची लांबी, वळण्याची लकब, हे सगळं सहीसारखं ठरतं. ही नोंद न देता व्हीआर चालतच नाही, म्हणून तिच्यावर पट्टी चिकटवता येत नाही. करता येतं ते एवढंच: ऑनलाइन खेळांत खरं नाव, फोटो आणि शाळेचं नाव जोडू नये, म्हणजे ती सही कुणाची हे सहज जुळत नाही.

आता खोली. संपूर्ण लेखात एकच गोष्ट करायची असेल तर ही करा: हेडसेटसाठी घरातली एक जागा ठरवा आणि तो दुसरीकडे वापरू नका. उभं राहून खेळायला साधारण दोन मीटर बाय दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट चौरस मोकळी जागा लागते. राजारामपुरी किंवा ताराबाई पार्कातल्या फ्लॅटमध्ये हॉलचा सोफा भिंतीला सारला की एवढी जागा निघते. पेठेतल्या घरात माडीवरची खोली बरी, कारण तिथे ये-जा कमी. दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये पलंग आणि कपाट धरून एवढी जागा उरत नाही. तिथे बसून खेळायची छोटी सीमा (हेडसेटमध्ये दिसणारी खेळाची हद्द) आखता येते, पण बेडरूम आणि न्हाणीघराचा बोळ यांत हेडसेट नकोच. देवघरासमोरही नको. हे श्रद्धेपुरतं नाही. पूजेला बसलेली माणसं तिथे निर्धास्त असतात आणि चित्रात सापडतात.

जागा ठरली की तिचा दाराशी संबंध बघा. खेळणाऱ्याची पाठ आतल्या खोल्यांच्या दाराकडे हवी, तोंड बाहेरच्या भिंतीकडे. अर्थात खेळताना माणूस वळतो, आणि बाजूचे कॅमेरे रुंद बघतात, त्यामुळे आतल्या दाराला पडदा हवाच. गोदरेजच्या कपाटाचा आरसा असेल तर त्यावर चादर टाका. याची दोन कारणं आहेत. आरशात खोलीचे बिंदू दुसऱ्यांदा दिसतात आणि हेडसेटचा गोंधळ उडून सीमा सरकते. शिवाय मागे बसलेलं माणूस आरशातून समोर येतं. समोरची भिंत अगदी कोरी, एकरंगी असेल तरी जागा चुकते, कारण पकडायला बिंदूच नसतात. अशा वेळी भिंतीवर काहीतरी नक्षीदार लावावं लागतं, आणि आपल्याकडे पहिलं हाताशी येतं ते कॅलेंडर. त्या कॅलेंडरवर गॅस कधी लावला, दूधवाल्याचे खाडे, डॉक्टरांची वेळ, लाइट बिलाचा ग्राहक क्रमांक असं सगळं लिहिलेलं असतं. ते स्वयंपाकघरातच राहू द्या. इथे छापील चित्र किंवा रंगीत वेलबुट्टीचा पडदा लावा.

गणपतीत आणि दिवाळीत एक वेगळी अडचण येते. आरासीच्या एलईडी माळा लागल्या की कंट्रोलर भरकटतो. कंट्रोलरवर डोळ्यांना न दिसणारे अवरक्त दिवे असतात आणि कॅमेरे त्यांच्याच ठिपक्यांवरून हात ओळखतात. माळेचे बारीक ठिपके त्यांत मिसळतात. माळ विझवली की सुधारतं. पावसाळ्यात दुपारीच अंधारून येतं तेव्हा उलटी तक्रार, उजेड कमी पडतो. ट्यूब लावा. ३एस अशा उजेडात अवरक्त दिव्यांमुळे जरा बरा टिकतो.

पहिल्या दिवशीची मांडणी अर्ध्या तासाची आहे, आणि ती मुलांच्या हातात द्यायच्या आधी करायची. मेटा खातं वेगळ्या ईमेलवर काढा. फेसबुक जोडायची सक्ती २०२२ मध्येच संपली आहे, त्यामुळे स्क्रीन कितीही सुचवू दे, जोडू नका. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. प्रोफाइल खासगी ठेवा. मग हेडसेटच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या विभागात जा. अपडेटनुसार नावं थोडी सरकतात, पण शोधायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. 'एन्हान्स्ड स्पेशियल सर्व्हिसेस' बंद करा. ही चालू असेल तर खोलीच्या ठळक बिंदूंचा संच मेटाच्या सर्व्हरवर जातो. बंद केल्यावर एका खोलीत दोन हेडसेट मिळून खेळायचे काही खेळ चालणार नाहीत, एवढंच नुकसान. जास्तीची माहिती कंपनीला देण्याचा 'शेअर अ‍ॅडिशनल डेटा' हा पर्यायही बंद. हेडसेटला अनलॉक पॅटर्न लावा. तो नसेल तर घरात येणारा कुणीही हेडसेट चढवून गॅलरी उघडू शकतो.

अ‍ॅप परवानग्यांचं पान मात्र शांतपणे वाचा. तिथे तीन रांगा महत्त्वाच्या: मायक्रोफोन, स्पेशियल डेटा, कॅमेरा. एकट्याने खेळायच्या खेळाला मायक्रोफोन लागत नाही. खोली न दाखवणाऱ्या खेळाला स्पेशियल डेटा लागत नाही. कॅमेरा तर आधी सगळ्यांना नाकारा. ज्याचं काम अडेल ते अ‍ॅप पुन्हा विचारतं, तेव्हा ते अ‍ॅप कुणाचं आहे ते बघून ठरवा. नाकारल्यावर अ‍ॅप सुरूच होत नसेल आणि त्याचं कारण सांगत नसेल, तर ते काढून टाकलेलं बरं. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ फोनच्या अ‍ॅपकडे आपोआप जायची सोय असते, ती बंद करा. हवा तो व्हिडिओ हाताने पाठवता येतो.

वायफायबद्दल बऱ्याच ठिकाणी एक सल्ला मिळतो: हेडसेट राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) टाका. सल्ला चांगला आहे, त्यामुळे घरातला सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि कॉम्प्युटर हेडसेटपासून वेगळे राहतात. पण फोनवर कास्टिंग चालायला फोन आणि हेडसेट एकाच नेटवर्कवर लागतात, आणि कॉम्प्युटरवरचे खेळ वायरलेस खेळायचे असतील तर कॉम्प्युटरही तिथेच लागतो. म्हणजे गेस्ट नेटवर्कवर कास्टिंग अडलं तर हेडसेट बिघडला असं समजू नका. तुम्ही कास्टिंग वापरतच नसाल तर हीच मांडणी कायम ठेवा, मुलांनी नकळत कास्टिंग लावायची वाटही अरुंद होते.

हेडसेट काढून ठेवला म्हणजे तो बंद झाला, असं नाही. दोन भिंगांच्या मध्ये वरच्या बाजूला एक संवेदक असतो. समोर कपाळ आलं की पडदा जागा होतो, कपाळ गेलं की झोपतो. पिशवीत टॉवेलचा बोळा त्या संवेदकासमोर आला तरी हेडसेट जागा होतो, आणि मग बॅटरी कुणी संपवली यावर वाद होतो. पॉवर बटण दाबून धरा आणि 'पॉवर ऑफ' निवडा. मग वर सुती कापडाची पिशवी चढवा. तिने बाहेरचे कॅमेरे झाकतात आणि आतल्या भिंगांवर ऊन पडत नाही. दुसरं कारणही तितकंच गंभीर आहे: खिडकीतून आलेलं ऊन भिंगातून एकवटून आतला पडदा जाळतं आणि तो डाग परत जात नाही. कॅमेऱ्यांवर चिकटपट्टी लावू नका, गोंदाचा थर राहतो आणि पुढे जागा चुकत राहते. फक्त सिनेमा बघायचा असेल तर सेटिंग्जमध्ये हेडसेट ट्रॅकिंग बंद करता येतं. मग कॅमेऱ्यांवर कापड असलं तरी बसल्या जागी डोकं वळवून बघता येतं. बेडरूममध्ये कुणी हेडसेट नेणारच असेल, तर निदान या पद्धतीने.

वापरलेला हेडसेट स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी त्या संवेदकाची काच नखाने चाचपून बघावी. प्रदर्शनात किंवा दुकानात हेडसेट सतत जागा राहावा म्हणून तिथे कागदाचा किंवा टेपचा तुकडा चिकटवायची युक्ती सर्रास वापरतात. तो तुकडा तसाच राहिला तर हेडसेट टेबलावर ठेवल्यावरही जागाच राहतो. डेव्हलपर मोड (प्रोग्राम बनवणाऱ्यांसाठीची सोय) चालू आहे का तेही बघा. तो चालू असेल तर मेटाच्या ऑनलाइन स्टोअरबाहेरची अ‍ॅप्स घातलेली असू शकतात, आणि त्यांना कुणी तपासलेलं नसतं. जुन्या मालकाला त्याच्या फोनमधून हा हेडसेट काढून टाकायला सांगा, तुमच्या समोरच. मग हेडसेट बंद करून पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र धरून ठेवा, येणाऱ्या यादीतून फॅक्टरी रीसेट निवडा. तुमचा हेडसेट विकताना हेच सगळं तुम्ही करायचं, कारण आत तुमच्या खोलीची जाळी आणि व्हिडिओ आहेत.

क्वेस्ट २ अजून बऱ्याच घरांत आहे. त्याला चार कॅमेरे, सगळे कृष्णधवल, खोली दाणेदार करडी दिसते. गोपनीयतेच्या बाजूने बघितलं तर ही उणीव सोयीची आहे, पण नवे खेळ त्याच्यासाठी कमी होत चाललेत. सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआर२ ला प्लेस्टेशन ५ (किंवा वेगळा अडॅप्टर लावून कॉम्प्युटर) लागतो आणि वायर. त्याचे बाहेरचे चार कॅमेरे आजूबाजूचं दाखवतात, पण ते दृश्य रेकॉर्ड करायची सोय सोनीने ठेवलेली नाही, आणि हे घरासाठी योग्य आहे. उलट त्याच्या आत डोळ्यांचा मागोवा घेणारे कॅमेरे आहेत. नजर कुठे थांबली ही माहिती खोलीच्या नकाशापेक्षा जास्त खासगी आहे, त्यामुळे तो सरळ जिंकतो असं म्हणता येत नाही.

मुलांबद्दल. मेटा दहा ते बारा वर्षांच्या मुलांना पालकांच्या ताब्यातलं खातं देतो, तेरापासून स्वतःचं. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा पूर्ण होईपर्यंत मूलच धरतात आणि पालकांची पडताळलेली संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्यांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर मुलगा चौदाचा असला तरी पालकांची देखरेख स्वतःहून चालू करा. हा कायदा घरगुती, खासगी वापराला लागू होत नाही, म्हणजे भावाने बहिणीचा व्हिडिओ काढला तर तिला तो कायदा उपयोगी पडणार नाही. खासगी अवस्थेतलं चित्रण संमतीशिवाय केलं किंवा पसरवलं तर मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई आणि भारतीय न्याय संहितेचं ७७ वं कलम आहे. ऑनलाइन पसरलं तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करावा, आणि हेडसेटमधला मूळ व्हिडिओ पुसू नये, तो पुरावा असतो.

कायद्यापर्यंत जायची वेळ येऊ नये म्हणून हॉलच्या दारावर एक जाड कागद अडकवून ठेवा, एका बाजूला 'कॅमेरा चालू'. हेडसेट चढवायच्या आधी कागद फिरवायचा, काढल्यावर परत फिरवायचा. कामाच्या मावशींना आणि शेजारच्या काकूंना याचा अर्थ एकदा तोंडी सांगायचा. आणि हेडसेटला अपडेट आला की परवानग्यांचं पान पुन्हा उघडायचं, कारण २०२५ मध्ये कॅमेऱ्याची ती नवी परवानगी अशाच एका अपडेटमधून आली होती.